गाळणे आणि जिवाणी : उल्हास नदीच्या काठी श्रावकाचाराचा एक विचार

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंदिराच्या उभारणीचा, प्रतिष्ठा-महोत्सवांचा, चातुर्मासांचा आणि दानशूर दात्यांचा इतिहास येतो. तो यायलाच हवा. परंतु समाजाचा आणखी एक इतिहास असतो. त्याचा शिलालेख होत नाही आणि त्याचे छायाचित्रही निघत नाही. घरात पाणी कसे भरले जाई, चूल कशी पेटवली जाई, कोणता धंदा करावा आणि कोणता टाळावा, वापरलेली वस्तू कोठे टाकावी, हा तो रोजच्या आचाराचा इतिहास होय. आज ज्याला आपण ‘पर्यावरण’ म्हणतो, तो शब्द आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात नव्हता. पण त्यामागची जबाबदारी त्यांच्या दिनचर्येत होती. खरवई-बदलापूर परिसरात राहणाऱ्या आपण साधर्मिकांनी त्या आचाराकडे, आपल्या शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीच्या संदर्भात, पुन्हा एकदा पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सह्याद्रीतील एक प्राचीन नोंद

महाराष्ट्रातील जैन इतिहासाचा आरंभ सांगताना अभ्यासक पुणे जिल्ह्यातील मावळ भागाकडे बोट दाखवतात. कामशेतजवळील पाले या गावाच्या डोंगरात एक लहानसे लेणे आहे. तेथील ब्राह्मी लेख ह. धी. सांकळिया आणि शोभना गोखले यांनी अभ्यासकांसमोर आणला. हा लेख साधारणतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानला जातो. अरिहंतांना नमन करून तो सुरू होतो आणि भदंत इंद्ररक्षित यांनी दोन गोष्टी करवून घेतल्याचे सांगतो : एक लेणे, आणि त्याच्यासोबत एक पोढी. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके.

या नोंदीत मला विशेष अर्थ दिसतो. महाराष्ट्रातील जैनांच्या सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या लेखात निवाऱ्याच्या जोडीने पाण्याचीही नोंद आहे. डोंगरावर पडलेला पाऊस तेथेच साठवायचा आणि तोच वर्षभर जपून वापरायचा, ही त्या टाक्यामागची दृष्टी होती.

हे मावळ आपल्यापासून दूर नाही. उल्हास नदी राजमाची-खंडाळ्याच्या परिसरातील डोंगरांतून उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर, कल्याण असा प्रवास करीत पुढे वसईच्या खाडीला मिळते. तिची लांबी सुमारे १२२ किलोमीटर आहे. मावळातील ठोकरवाडी धरणाचे पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजकेंद्रात आणले जाते. हे केंद्र १९२२ पासूनचे आहे. वीज निर्माण झाल्यावर ते पाणी पेज नदीतून उल्हासला मिळते. त्यामुळेच एरवी उन्हाळ्यात आटणारी ही नदी आपल्याकडे बारमाही वाहते. म्हणजे बदलापूरच्या बंधाऱ्यातून उचललेले जे पाणी वैशाखात आपल्या नळाला येते, त्यातील बराचसा वाटा मावळातल्या पावसाचा असतो. इंद्ररक्षितांनी ज्या प्रदेशात पोढी खोदविली, त्याच प्रदेशाचे पाणी आपण पितो.

आनंद श्रावकाचे मोजमाप

श्रावकाने कसे जगावे, हे सांगणारे प्राचीन आगम म्हणजे उपासकदशांग. त्यातील पहिली कथा वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची आहे. तो गरीब नव्हता. चार कोटी सुवर्णमुद्रा कोठारात, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात आणि चाळीस हजार गाई असा त्याचा वैभवविस्तार आगमात वर्णिलेला आहे. भगवान महावीरांपुढे व्रते घेताना या धनिकाने आपल्या भोग-उपभोगांची एकेक मर्यादा बांधली. त्यात दातवणापासून वस्त्रांपर्यंत आणि गाड्यांपासून नांगरांपर्यंत सर्व येते. स्नानासाठी त्याने आठ घडे पाण्याची मर्यादा घातली आणि पिण्यासाठी केवळ आकाशातून पडलेले पावसाचे पाणी ठेवले.

आनंद पाण्याचा अभाव असलेल्या प्रदेशात राहत नव्हता. वैशालीच्या त्या परिसरात नद्यांना तोटा नाही. तरीही त्याने घडे मोजले. जे विपुल आहे तेही मोजून घ्यावे, हा या कथेचा गाभा आहे. टंचाई आली म्हणून काटकसर करणे ही नाइलाजाची गोष्ट झाली. मुबलक असताना माप बांधणे हे व्रत झाले.

याच परंपरेतून श्रावकाचे चौदा नियम आले. सकाळी आज किती द्रव्ये खाईन, किती वस्त्रे वापरीन, किती वाहनांत बसेन, कोणत्या दिशेला किती दूर जाईन, स्नानाला किती पाणी घेईन, हे ठरवायचे आणि संध्याकाळी त्याचा आढावा घ्यायचा. ज्येष्ठ मंडळींपैकी अनेकांच्या घरी हे नियम आजही चालतात. वाहनाची मर्यादा आणि पाण्याची मर्यादा या दोन गोष्टी जगभरातील तज्ज्ञ आज नागरिकांना सांगत आहेत. आपल्याकडे त्या सकाळच्या धारणेत होत्या.

दिगंबर परंपरेनेही हाच विचार वेगळ्या शब्दांत मांडला. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे, म्हणजे निष्कारण केलेल्या हिंसेचे, प्रकार सांगितले आहेत. कारण नसताना जमीन खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, झाडे तोडणे ही ‘प्रमादचर्या’ होय. येथे पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती या पाचही एकेंद्रिय जीवांचा विचार आलेला दिसतो. मराठी भाषेतही गुणकीर्तींसारख्या ग्रंथकारांनी पंधराव्या शतकात ‘धर्मामृत’ लिहून श्रावकांचा धर्म सामान्य माणसाच्या बोलीत आणला.

पंधरा कर्मादाने

आनंद श्रावकाच्या त्याच कथेत आणखी एक यादी येते. आज तिचे पठण पुष्कळ होते, पण तिच्यावर विचार कमी होतो. ती यादी म्हणजे पंधरा कर्मादाने, श्रावकाने टाळावयाचे पंधरा व्यवसाय. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात त्यांचे सविस्तर विवरण केले. कोळसा पाडणे व भट्ट्या लावणे हे अंगारकर्म, झाडे तोडून विकणे हे वनकर्म, जमीन व खडक फोडणे हे स्फोटककर्म. हस्तिदंताचा, लाखेचा, विषाचा व्यापार वर्ज्य. रान पेटवून देणे म्हणजे दवदान वर्ज्य. आणि तळी, डोह, सरोवरे आटवणे, म्हणजे सरोवरशोषण, तेही वर्ज्य.

ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. आपला अहिंसाधर्म केवळ ताटापुरता नव्हता. काय खावे, याच्याइतकाच ‘कशातून कमवावे’ हा प्रश्न त्याने विचारला. जंगल, जमीन, तलाव आणि विषारी द्रव्ये या चार गोष्टींवर त्याने विशेष बोट ठेवले. आजच्या कोणत्याही पर्यावरणविषयक कायद्याचे विषय याहून फारसे वेगळे नाहीत.

तळाला कडी असलेली बादली

रोजच्या आचारातील सर्वांत ठळक खूण म्हणजे पाणी गाळणे. गाळण्याचे वस्त्र कसे असावे याचेही माप परंपरेने सांगितले : छत्तीस अंगुळे लांब, चोवीस अंगुळे रुंद, जाड आणि दुहेरी करून वापरलेले. नुसत्या गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे मानली गेली. उकाळेल्या पाण्याचीही ऋतूप्रमाणे मर्यादा ठरली : उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार आणि पावसाळ्यात तीन.

हे सर्वांना ठाऊक असते. पण गाळण्याची क्रिया येथे संपत नसे. फडक्यावर जे सूक्ष्म जीव राहत, त्यांना ‘जिवाणी’ म्हणत. गाळलेल्या पाण्याची एक धार सोडून ते फडके उलटे धुवायचे आणि ती जिवाणी ज्या विहिरीचे पाणी होते, त्याच विहिरीत परत सोडायची. दुसऱ्या विहिरीत सोडून चालत नसे, कारण एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात जगतीलच असे नाही. वरून ओतूनही चालत नसे, कारण उंचावरून आपटून ते मरतील. म्हणून बादलीच्या तळालाही एक कडी बसवलेली असे. दोर अशा युक्तीने बांधायचा, की बादली पाण्याला टेकल्यावर झटक्याने उलटी होई आणि जिवाणी अलगद पाण्यात मिसळे.

या साध्या बादलीत मला आपल्या आचाराचे सार दिसते. पाणी घेणे हा व्यवहाराचा अर्धा भाग. जे घेतले त्याच्या उगमाला काय परत दिले, कसे दिले आणि कोठे दिले, हा उरलेला अर्धा भाग. आपल्या पूर्वजांनी दोन्ही टोके सांभाळली.

पुढे नळ आले. नळाला फडके बांधता येते, आणि आपण ते बांधलेही. परंतु जिवाणी नळातून परत नदीत पाठवता येत नाही. विहीर डोळ्यांसमोर होती तेव्हा परत देण्याची जागा ठाऊक होती. आता पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे दोन्ही भिंतीत गाडलेल्या पाइपांआड गेले. घेण्याच्या टोकाची शुद्धी आपण जपली, देण्याचे टोक मात्र सुटले. मुद्दाम कोणी सोडले नाही. व्यवस्था बदलली आणि आचाराला नवे रूप देण्याचे राहून गेले.

खोऱ्याचा दीडशे वर्षांचा प्रवास

आपल्या परिसराचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० मधील. शिलाहार राजांनी ते वालधुनी नदीच्या काठी बांधले, यावरून त्या काळी तो प्रवाह किती निर्मळ असेल याची कल्पना यावी. १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीपर्यंत रेल्वे आली आणि हे खोरे मुंबईशी जोडले गेले. ठाणे जिल्ह्याच्या जंगलांतील लाकूड आणि कोळसा मुंबईच्या चुलींसाठी व बाजारासाठी जाऊ लागला. जंगल कोणाचे, हा प्रश्न इतका पेटला की १८८५ मध्ये सरकारला ठाणे-कुलाब्यातील तक्रारींसाठी वनआयोग नेमावा लागला. शास्त्रातील अंगारकर्म आणि वनकर्म हे शब्द येथे प्रत्यक्ष बाजारभावात उतरले होते.

विसाव्या शतकात उद्योग आले. अंबरनाथला १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीने गंधकाम्ल व खते बनवली, तर १९२३ मध्ये स्थापन झालेल्या विमकोने आगपेट्या. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित बांधव आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. ते नाव नदीवरून आले आहे. सर्वस्व गमावलेल्या माणसांनी शून्यातून उद्योग उभे केले, हा त्या शहराचा अभिमानास्पद इतिहास आहे. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे अंबरनाथ आणि बदलापूरला औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. त्यांना व शहरांना पाणी देण्यासाठी १९७२ मध्ये बारवी धरण झाले. पुढे त्याची उंची वाढली आणि त्यासाठी गावे-पाडे उठले. आपल्याला मिळणाऱ्या पाण्यासाठी कोणी तरी आपले घर सोडले आहे, हेही विसरता कामा नये.

१९९२ मध्ये कुळगाव-बदलापूर नगरपरिषद स्वतंत्र झाली. २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार असलेली लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे १ लाख ७४ हजारांवर गेली, आणि त्यानंतरही इमारती वाढतच आहेत. खरवईसारखे शेतीचे जुने गाव एका बाजूला कारखाने आणि दुसऱ्या बाजूला गृहसंकुले यांच्या मध्ये आले. या वाढीत आपणही आहोत. स्वस्त घर, जवळचे स्थानक, चालू धंदा यांसाठीच आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे येथे आली. त्यात गैर काही नाही. मात्र वाढीचा हिशेब पूर्ण मांडायचा तर नदीलाही त्यात स्थान द्यावे लागेल.

नदीने दिलेले उत्तर

जलप्रदूषण रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये आणि केंद्राने १९७४ मध्ये कायदा केला. कायदा होता, तरी सांडपाणी वाहत राहिले. काकोळ्याच्या डोंगरातून निघणारी वालधुनी अंबरनाथच्या मंदिराजवळून उल्हासनगरात शिरेपर्यंत नाल्यासारखी होऊन गेली. खेमाणी नाल्याचे पाणी उल्हास नदीत मिसळत असल्याची तक्रार वर्षानुवर्षे होत राहिली. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात टँकरने वालधुनीत सोडलेल्या रसायनातून विषारी वायू पसरला आणि अनेक रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. ‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०१५ मध्ये पुण्याच्या खंडपीठाने औद्योगिक व नागरी यंत्रणांना जबाबदार धरून दंड ठोठावला. उल्हासनगरातील जीन्स धुण्या-रंगवण्याचे अनेक कारखानेही पुढे बंद करावे लागले आणि त्यांवर पोट असलेल्या कामगारांचे हाल झाले. वेळीच शुद्धीकरण केले असते, तर नदी आणि रोजगार दोन्ही वाचले असते.

कारखान्यांकडे बोट दाखवणे सोपे आहे. अलीकडच्या काही वर्षांत उल्हास नदीच्या पात्रावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला आपण पाहतो. ती कशावर वाढते? सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर. हे नत्र आपल्या शौचालयांतून आणि मोऱ्यांतून येते. स्फुरदात कपडे-भांड्यांच्या साबण-पावडरींचाही वाटा असतो. जलपर्णीने पृष्ठभाग झाकला की पाण्यात प्रकाश व प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही. ती कुजली की उरलेला प्राणवायूही संपतो. मग मासे, गोगलगाई, कीटक असे द्वींद्रियांपासून पंचेंद्रियांपर्यंतचे जीव गुदमरून मरतात. आचारांगसूत्राच्या पहिल्याच अध्ययनात पाणी हा स्वतः जीव आहे आणि त्याच्या आश्रयाने आणखी अनेक जीव राहतात, असे सांगितले आहे. त्या दृष्टीने पाहिले तर नदीत मिसळणारे अशुद्ध पाणी म्हणजे रोज घडणारी आणि कोणालाच न दिसणारी हिंसा होय.

आणखी एक गोष्ट. बदलापूरहून खाली वाहणारे हेच पाणी मोहने आणि शहाड येथे पुन्हा उचलले जाते आणि प्रक्रिया करून लक्षावधी लोकांना पुरवले जाते. आपली मोरी आणि दुसऱ्याचा माठ यांच्यामध्ये अवघ्या काही किलोमीटरची नदी आहे.

२६ जुलै २००५ च्या महापुराने आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने आपल्याला दाखवून दिले, की नदीला तिची जागा हवी असते. पात्रालगत भराव टाकला आणि नाले प्लॅस्टिकने तुंबवले, तर पाणी वस्तीत शिरते.

जयणा : आपल्यासाठी मार्ग

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो. कर्मादानांची यादी शब्दशः पाळायची तर आज कोणता धंदा उरेल? वाहतूक, बांधकाम, रसायने, यंत्रे सर्वच वर्ज्य ठरतील. घरसंसार कसा चालायचा?

शास्त्रकारांना हा प्रश्न ठाऊक होता. म्हणूनच हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद सांगितले गेले. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्णपणे सोडावी, आणि घरकाम व उद्योगातील हिंसा यतनेने, जयणेने, शक्य तितकी कमी करीत जावे. कारखाना बंद करा, असे जयणा सांगत नाही. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याकडे लक्ष द्या, असे ती सांगते. माझ्या अल्प मतीप्रमाणे, ज्याला परिणाम ठाऊक नव्हता त्याचे सोडलेले पाणी उद्योगी हिंसेत जमा होईल. पण परिणाम ठाऊक असूनही प्रक्रियेचा खर्च वाचवण्यासाठी रात्री नाल्यात सोडलेले पाणी संकल्पी हिंसेच्या फार जवळ जाते. ताटात कंदमूळ नाही आणि गोदामाच्या मागे नाल्यात विष आहे, असा धर्म दोन तुकड्यांत विभागता येणार नाही. याचा निर्णय प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

समाज म्हणून आपल्याला अशा कामाचा वारसा आहे. १५८३ मध्ये आचार्य हीरविजयसूरी अकबराच्या दरबारी गेले. त्यांच्या उपदेशाने फत्तेपूर सिक्रीच्या तलावातील मासेमारी बंद झाल्याचा उल्लेख जैन ग्रंथांत येतो. १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ अमीचंद यांनी मुंबईची पांजरापोळ स्थापन केली. तिची एक शाखा आपल्याच उल्हास नदीच्या काठी रायता येथे आहे. २३ ऑक्टोबर १९९० रोजी लंडनमध्ये डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी लिहिलेले निसर्गविषयक जैन घोषणापत्र प्रिन्स फिलिप यांना सादर झाले. जळगावचे भवरलालजी जैन (१९३७-२०१६) यांनी ठिबक सिंचन शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत नेले. भारतीय जैन संघटनेने २०१३ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातील तलावांचा गाळ काढला आणि २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात ‘सुजलाम सुफलाम’ हे अभियान हाती घेतले. सरोवरशोषणाचे कर्मादान टाळणे ही एक पायरी. आटलेले सरोवर पुन्हा भरणे ही तिच्या पुढची.

मग आपण खरवई-बदलापूरच्या साधर्मिकांनी काय करावे? मोठ्या योजनांपेक्षा मोजता येतील अशी चार कामे सुचवावीशी वाटतात.

पहिले, पावसाचे पाणी. आनंद श्रावकाने जे पाणी पिण्यासाठी निवडले, ते आपल्या छपरांवरून गटारात जाते. आपल्या कोकणपट्टीत पावसाळ्यात अडीच मीटर पाऊस धरला, तर शंभर चौरस मीटरच्या एका छपरावर अडीच लाख लिटर पाणी पडते. त्याचा दहावा भाग जरी साठवला किंवा जमिनीत मुरवला, तरी पंचवीस हजार लिटर होतात. गुजरात-राजस्थानातील जुन्या घरांखाली अशी टाकी होती. त्यातील पाणी साधू-साध्वींच्या उपयोगी पडे. मंदिर, उपाश्रय आणि स्थानक यांच्या छपरांपासून आरंभ करता येईल.

दुसरे, भोजनसमारंभ. स्वामीवात्सल्य ही आपली सुंदर परंपरा आहे. तिच्यात थर्माकोलच्या ताटल्या आणि अर्ध्या पिऊन टाकलेल्या बाटल्या शोभत नाहीत. २३ मार्च २०१८ च्या राज्य अधिसूचनेने आणि १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या बंदीने अशा अनेक वस्तू आता कायद्यानेच निषिद्ध आहेत. संस्थेने हजार माणसांची स्टीलची भांडी ठेवावी आणि समाजातील प्रत्येक कार्याला ती द्यावी. थाळी धुऊन पिण्याची जी प्रथा आपल्याकडे होती, तीत अन्न आणि पाणी दोन्हींचा आदर होता.

तिसरे, मोरी. साबण-पावडर मापाने वापरावी, तेल-रंग-औषधे मोरीत ओतू नयेत, मंदिरातील निर्माल्य फुलांचे खत करावे. इमारतीच्या सभेत सांडपाणी कोठे जोडले आहे, हा प्रश्न एकदा तरी विचारावा.

चौथे, धंदा. ज्यांचे कारखाने, दुकाने वा गोदामे आहेत त्यांनी पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात वर्षातून एकदा आपल्या व्यवसायाचे आत्मपरीक्षण करावे. माझ्या दारातून पाणी, धूर आणि कचरा किती बाहेर गेला? तो कोठे पोहोचला? पुढील वर्षी कमी कसा होईल? हे कोणाला सांगण्यासाठी नसावे, स्वतःसाठी असावे.

प्रतिक्रमणापूर्वी आपण इरियावहियं म्हणतो. जाता-येता दवबिंदू, शेवाळ, मुंग्यांची वारुळे, चिखल, पाणी यांतील जे जीव दुखावले गेले असतील, त्यांची तेथे क्षमा मागितलेली आहे. पायाखाली आलेल्या जीवांची एवढी आठवण ठेवणाऱ्या समाजाने आपल्या मोरीतून वाहून गेलेल्या जीवांचीही आठवण ठेवावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

पन्नास वर्षांत आपल्या संस्थेने अनेक पिढ्यांना पाणी गाळायला शिकवले. येणाऱ्या पन्नास वर्षांत जिवाणी परत कशी द्यायची, हेही शिकवावे लागेल. विहीर आता दिसत नाही, पण ती हरवलेली नाही. ती आपल्या गावाशेजारून उल्हास नावाने वाहते आहे. तिच्यातून आपण जितके स्वच्छ पाणी घेतो, तितकेच स्वच्छ तिला परत देण्याचा संकल्प या मंगल वर्षात व्हावा, हीच जिनचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.